बेटर, पण कोणापेक्षा

"आता तू बेटर आहेस, हेडली," डॉक्टर म्हणाले आणि हेडली गार्बटच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"कशापेक्षा?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"बेटर म्हणजे कशापेक्षा तरी बेटर ना? मागच्या आठवड्यापेक्षा म्हणत असाल, तर मागच्या आठवड्यात तुम्ही एनिडला जिन्यात गाठून कुजबुजत होतात. आज मोठ्याने बोलताय. एवढाच फरक."

डॉक्टरांनी छाती तपासायची नळी बॅगेत टाकली. "तुम्हा खाणवाल्यांच्या छातीत कोळसा साठतो हे मला माहीत होतं. डोक्यात काय साठतं ते अजून कळलं नाही," असं म्हणून ते जिना उतरले. खाली स्वयंपाकघराशी त्यांची पावलं थांबली. हेडलीने कान टवकारले, पण किटली नेमकी तेव्हाच उकळायला लागली. बायकोने, एनिडने, ती मुद्दामच चढवली असणार, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

आपल्याकडे माणूस बरा झाला की बरा झाला, नारळ फोडून मोकळे. इंग्रजांचं तसं नाही. त्यांनी बेटर नावाचा एक शब्द करून ठेवलाय, आणि तो एकटा कधी येत नाही. त्याच्यामागे कोणीतरी दुसरा उभा असतो, ज्याच्यापेक्षा बेटर. बहुतेक लोक त्या दुसऱ्याचं नाव घ्यायचं टाळतात. हेडलीला ते टाळलेलं नाव ऐकू यायचं. शेजारीण म्हणे, "आज रंग बेटर दिसतोय," की त्याला वाटे, म्हणजे काल प्रेतासारखा दिसत होतो. कोणाच्या दफनाला पाद्री म्हणे, "तो आता बेटर जागी गेला," की हा विचारी, "आपल्या ब्लॅकरिग गावापेक्षा बेटर? मग त्यात काय मोठंसं." एनिड बोट रोखून म्हणे, "तू बिछान्यात पडून राहिलेलं बेटर," तेव्हा तर त्या शब्दाची उघड धमकी व्हायची. आणि ह्या सगळ्यांवर कडी म्हणजे जॉस स्टॉबर्ट. गेली अकरा वर्षं, दर सप्टेंबरात, लीकच्या प्रदर्शनात पहिला नंबर घेऊन झाला की जॉस हेडलीपुढे हात करायचा आणि म्हणायचा, "पुढच्या वर्षी बेटर लक, गड्या."

लीक म्हणजे आपल्या पातीच्या कांद्याचा थोराड चुलतभाऊ. उत्तर इंग्लंडातल्या डरहॅमच्या खाणवस्त्यांत तो खायला कमी आणि भांडायला जास्त लावतात. मनगटापेक्षा जाड, दंडापेक्षा जाड, जमलं तर मांडीएवढा. खाणकामगारांच्या क्लबात टेबलं मांडून प्रत्येकाची जोडी ठेवतात, लांबी आणि घेर मोजतात, हिशोब करून घनइंच काढतात. घनइंच ज्याचे जास्त तो बेटर माणूस. लीक नव्हे, माणूस. ब्लॅकरिगमध्ये ह्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

सत्त्याहत्तर सालचा तो ऑगस्ट. हेडली अडुसष्ट वर्षांचा, तेहतीस वर्षं खाणीत काढलेला, आणि आयुष्यात त्याची एकच इच्छा उरली होती. मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, जॉसपेक्षा बेटर ठरायचं. ह्या वर्षी रोपं अशी काही जोमात होती की ते जमेल असं त्याला वाटत होतं. नेमकी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात छाती भरून आली, आणि तो वरच्या मागल्या खोलीत आडवा झाला. खिडकीतून बाग दिसायची, लीकचा वाफा दिसायचा, पण जिना उतरायचा म्हटलं तर चौथ्या पायरीवर श्वास संपायचा.

"वाफ्याचं मी बघते," एनिड म्हणाली होती.

एनिडला लग्न झाल्यापासून त्या वाफ्याचा राग. तिच्या हाताने कुंडीतलं जिरॅनियम जगत नसे. त्यामुळे लीक आठवड्याभरात माना टाकतील अशी हेडलीने मनाची तयारी केली होती.

लीकनी माना टाकल्या नाहीत. उलट दुसऱ्या आठवड्यात ते पहिल्यापेक्षा जाड झाले, तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्यापेक्षा. पानं रुंद, निळसर हिरवी, कुठे किडीचा डाग नाही. दुसरा कोणी असता तर त्याने देवाचे आभार मानले असते. हेडली उशीला टेकून बसला आणि विचार करू लागला, की कुठेतरी पाणी मुरतंय.

"एनिड, तू त्यांना काय घालतेस?"

"पाणी."

"नुसतं पाणी?"

"नाही, शॅम्पेन. पाणीच घालते, अजून काय घालणार?"

"किती?"

"झारी भरून."

"मोठी झारी की छोटी?"

"मधली," ती म्हणाली.

त्यांच्या घरात मधली झारी नव्हती.

त्या दिवशी हेडलीने कपाटातून भावाची जुनी दुर्बीण काढायला लावली. चिमण्या बघायच्यात म्हणाला. एनिडने भुवया उंचावल्या, पण दिली. चिमण्या गेल्या खड्ड्यात. त्याने दुर्बीण लावली ती थेट वाफ्यावर. लीकची पानं जमिनीला लागून कुजू नयेत म्हणून कोणीतरी त्यांना काठ्यांचा आधार दिला होता, आणि काठ्या सुतळीने बांधल्या होत्या. गाठ डावखुरी होती.

हेडलीने काच पुसून पुन्हा पाहिलं. खाणीत तेहतीस वर्षं एकाच थरावर, एकाच दिव्याच्या उजेडात, त्याने ती गाठ पाहिली होती. डबा बांधायची गाठ, दोर बांधायची गाठ, एकदा हेडलीचा पाय मोडला तेव्हा त्याला फळी बांधायची गाठ. जॉस स्टॉबर्ट डावखुरा होता.

आता हेडलीच्या डोक्यात जे चाललं ते ब्लॅकरिगबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. बाहेरचा म्हणेल, मित्र आजारी आहे, मित्राने बाग सांभाळली, ह्यात काय. पण लीकवाल्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. लीकला प्रदर्शनाच्या आधी शेवटचे तीन-चार आठवडे वाजवीपेक्षा जास्त खाऊ घातलं, की तो फुगत फुगत जातो, आणि ऐनवेळी एका सकाळी बुंध्याशी उभा फुटतो. फुटलेला लीक टेबलावर येत नाही. पूर्वी दुसऱ्याचा काटा काढायचा तर लोक सुऱ्या घेऊन वाफ्यात शिरायचे. त्याचा बोभाटा व्हायचा, पोलीस यायचे. पण शहाणा माणूस दुसऱ्याच्या लीकला कापत नाही, खाऊ घालून मारतो. आणि जॉस शहाणा होता. अकरा वर्षं पहिला येणारा माणूस वेडा नसतो.

"ह्या वर्षी माझे बेटर होते, ते त्याला दिसलं," हेडली छताकडे बघत म्हणाला. खोलीत कोणी नव्हतं. छताने हरकत घेतली नाही.

रात्रीची झोपेची गोळी त्याने त्या दिवसापासून जिभेखाली धरायला सुरुवात केली. एनिड दिवा मालवून गेली की गोळी रुमालात. तिसऱ्या पहाटे, साडेपाचला, उजाडत होतं तेवढ्यात मागच्या बोळाचं दार हललं. टोपी, वाकडा खांदा, हातात बादली. जॉस गुडघे टेकून वाफ्याशी बसला. बादलीतलं काळंकरडं पाणी त्याने एकेका बुंध्याशी, घोट घोट पाजल्यासारखं ओतलं. मेंढीच्या लेंड्या भिजवलेलं पाणी. हेडलीला त्याचा वास खिडकीच्या काचेतून आला, निदान तो तशी शपथ घ्यायला तयार होता. मग जॉसने खिशातून काहीतरी काढलं, एका लीकच्या कमरेभोवती गुंडाळलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि मान हलवली. माप घेत होता चोर. किती दिवसांत फुटेल त्याचा अंदाज घेत असणार.

ओरडायला हेडलीने तोंड उघडलं आणि खोकल्याची अशी उबळ आली की डोळ्यांपुढे अंधेरी आली. डोळे उघडले तेव्हा बोळाचं दार बंद होतं आणि एनिड दारात उभी होती.

"काय झालं? पाणी देऊ?"

"बोळाच्या दाराला कडी लावतेस ना?"

"लावते की."

तिने नजर चुकवली. हेडलीने तेही मनात नोंदवून ठेवलं. पण आपली बायको जॉसला सामील असेल हा विचार त्याने उंबऱ्यावरूनच परत पाठवला. एनिडला लीकमधलं कळत नाही, ती फसली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, पण ह्या एका ठिकाणी त्याने डोळे मिटून घेतले.

पुढच्या मंगळवारी अर्नी पॅटिसन शिक्का घेऊन आला. अर्नी क्लबचा लीक-सेक्रेटरी. प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी तो घरोघर जाऊन प्रत्येकाच्या लीकच्या पानावर जांभळ्या शाईचा शिक्का मारायचा, म्हणजे कोणी बाहेरून आणून आपले म्हणून ठेवू नयेत. त्याने वाफ्यातल्या लीकना शिक्के मारले, बूट पुसून वर आला आणि पलंगाशी खुर्ची ओढली. एनिड सोसायटीच्या दुकानात गेली होती.

"हेडली, काय लीक आहेत रे. मी अकरा वर्षांत असे पाहिले नाहीत," अर्नी म्हणाला. "जॉसचे बघून आलोय. तुझे त्याच्यापेक्षा—"

"त्याच्यापेक्षा काय?"

"ते मी सांगत नसतो. नियम आहे."

"मग दुसरा नियम सांग. दुसऱ्याच्या वाफ्यात न विचारता शिरणाऱ्याचं काय करतात?"

अर्नीचा चेहरा उतरला. बारच्या शेजारी काचेत लावलेले क्लबचे नियम सगळ्यांना पाठ होते. मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या वाफ्यात पाय ठेवला तर नाव कायमचं कट. आणि त्याच्या खालचा: ज्याचा लीक त्यानेच वाढवायचा, फार तर त्याच्या घरच्यांनी, दुसऱ्या सभासदाचा हात लागला तर लीक बाद.

"कोण?" अर्नीने विचारलं.

हेडलीने सांगितलं. दुर्बीण दाखवली, तारीख सांगितली, बादलीचा रंगसुद्धा सांगितला.

"जॉस? अरे, तुम्ही दोघं एका भाकरीतले."

"म्हणूनच त्याला माझ्या बोळाचं दार माहीत."

"पण हेडली, तुझे लीक तर ठणठणीत आहेत."

"अजून तीन आठवडे आहेत. फुटतील तेव्हा ये बघायला."

अर्नीने टोपी दोन्ही हातांत फिरवली. "तक्रार केलीस की मागे घेता येत नाही," तो म्हणाला. "एकदा विचार कर."

"महिनाभर पडून आहे, विचारच करतोय," हेडली म्हणाला.

एनिड परत आली तेव्हा हेडलीने तिला सगळं सांगितलं, जरा फुशारकीनेच. तिच्या हातातली पिशवी पलंगावर निसटली आणि बटाटे गोधडीवर घरंगळले.

"काय केलंस तू हे, हेडली?"

"जे करायला हवं होतं तेच. तू का पांढरी पडलीस?"

ती कोट न घालताच बाहेर पडली. पाऊण तासाने आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"कुठे गेली होतीस?"

"लोणी विसरलं होतं."

"मग लोणी कुठे आहे?"

"संपलं होतं त्यांच्याकडचं," एनिड म्हणाली आणि बटाटे वेचायला लागली. त्या रात्रीपासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. हेडलीला राग आला, मग भीती वाटली, मग पुन्हा राग आला. जॉस रंडका होऊन सहा वर्षं झाली होती. त्याच्या घरात एनिडच्या हातचा केक जायचा, हे हेडलीला आजवर माहीत होतं आणि खटकलं नव्हतं. आता तो केकचे तुकडे मोजू लागला.

गुरुवारी कमिटी बसली. शुक्रवारी अर्नी सांगायला आला, पण ह्या वेळी खुर्चीवर बसला नाही.

"काढलं त्याचं नाव."

"काय म्हणाला?"

"मी विचारलं, हेडलीच्या वाफ्यात गेला होतास का? म्हणाला, हो. परवानगी होती का? म्हणाला, हेडलीची नव्हती. मग कशासाठी गेला होतास? त्यावर टोपीकडे बघत बसला. तीनदा विचारलं. शेवटी म्हणाला, तुमचं जे काय असेल ते लिहा आणि मला जाऊ द्या."

"नाकारलं नाही?"

"नाही."

अर्नी गेला. जिंकल्याचा आनंद हेडलीला संध्याकाळपर्यंत पुरला. मग अंथरुणात पडल्या पडल्या त्याला वाटायला लागलं की जॉसने नाकारायला हवं होतं. जॉस तोंडाळ नव्हता, पण मुकाही नव्हता. खाणीत एकदा मुकादमाने हेडलीवर खोटा आळ घेतला, तेव्हा हाच जॉस मुकादमाच्या छाताडाला छाती लावून उभा राहिला होता. हा माणूस गप्प का बसला? ह्यात नक्की काहीतरी डाव आहे. बादलीत नुसतं खत नव्हतं की काय? हेडलीने एनिडकरवी वाफ्यातली मूठभर माती वर मागवली, हुंगली, जिभेला लावली. माती मातीसारखीच लागली.

लीक फुटले नाहीत. दररोज उठून तो दुर्बिणीने बुंधे तपासायचा, आणि दररोज ते आदल्या दिवसापेक्षा गोलमटोल दिसायचे. आणि गंमत म्हणजे हेडलीही सुधारत गेला. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो धरून धरून जिना उतरला. कशाने सुधारला म्हणाल, तर औषधाने असेल किंवा संशयाने. काही माणसांना संशयाचा काढा मानवतो.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी त्याने स्वतःच्या हाताने जोडी उपटली. बाळंतिणीच्या बाळाला न्हाऊ घालावं तशी मुळं धुतली, बुंधे दुधात भिजवलेल्या फडक्याने पुसले. एनिड खिडकीतून बघत होती. "ये की धरायला," तो म्हणाला. ती आली, तिने टोपली धरली, आणि त्याच्याकडे न बघता आत गेली.

शनिवारी दुपारी क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिलं बक्षीस रंगीत टीव्ही, तो व्यासपीठावर फडकं पांघरून ठेवला होता. परीक्षक शेजारच्या गावचा, कोणाचा कोणी लागत नसलेला. त्याने टेप लावली, आकडे कुजबुजला, अर्नीने लिहून घेतले. तीनच्या सुमाराला हेडलीच्या जोडीपुढे लाल कार्ड लागलं. एकशे चौतीस घनइंच. दुसरा नंबर पोस्टमन हर्बर्टचा, एकशे एक.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेडली त्या मोजत होता. त्याला त्या थोड्या कमी वाटल्या.

"गेल्या वर्षीच्या जॉसपेक्षा सहा इंच बेटर," हर्बर्ट म्हणाला.

"गेल्या वर्षीच्या," कोणीतरी मागून म्हटलं.

हेडली वळला. मागे आठ-दहा जण ग्लास घेऊन उभे होते, सगळे निष्पाप चेहऱ्याचे. पण वाक्य खरं होतं आणि ते त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. टेबलावर त्याच्या जोडीशेजारी एक जोडी मावेल एवढी जागा रिकामी होती. दरवर्षी तिथे जॉसचे लीक असत. हर्बर्टपेक्षा बेटर व्हायला हेडलीने चाळीस वर्षं लेंड्या भिजवल्या नव्हत्या.

तरीही तो घरी गेला तो कार्ड छातीशी धरून. एनिड टेबलाशी बसून वाटाणे सोलत होती.

"झालो," तो म्हणाला. "शेवटी झालो जॉसपेक्षा बेटर. टीव्ही संध्याकाळी पोचवतायत. आता तरी हस."

एनिडने हातातली शेंग खाली ठेवली. "बस," ती म्हणाली. "बस आणि मी संपवेपर्यंत तोंड उघडू नकोस. डॉक्टरांनी मला जिन्यात काय सांगितलं माहीत आहे? ख्रिसमस बघेलच असं नाही, म्हणाले. मी इथे येऊन खुर्चीत बसले. वर तू विचारत होतास, वाफ्याला पाणी घातलं का, वाफ्याला पाणी घातलं का. मला वाटलं, हे लीक मेले तर हा माणूस त्यांच्या आधी जाईल. मग मी जॉसकडे गेले. मी गेले, हेडली. तो आला नाही, मी त्याला आणलं."

"तू?"

"तोंड मीट. त्याने एकच अट घातली, तुला सांगायचं नाही. म्हणाला, कळलं तर अंथरुणातून उठून स्वतः उपटून टाकेल. रोज पहाटे यायचा. आपल्या बादलीतलं आधी तुझ्या लीकना, उरलं तर स्वतःच्या. तू तक्रार केलीस त्या दिवशी मी धावत गेले त्याच्याकडे. म्हटलं, मी कमिटीला खरं सांगते. म्हणाला, सांगितलंस तर तुझ्या नवऱ्याचे लीक बाद होतील, दुसऱ्याचा हात लागलाय. तो ह्या वर्षी जिंकतोय, एनिड. गप्प बस. माझ्याकडून शपथ घेतली प्रदर्शन होईपर्यंत. झालं आता प्रदर्शन."

हेडलीने कार्डाकडे पाहिलं. त्यावर त्याचं नाव अर्नीच्या वळणदार अक्षरात होतं. त्याला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, असं लोक म्हणतात. पण भलं करणाऱ्याचं नाव कायमचं कापून टाकणारा तो पहिलाच असावा.

"टोपी कुठे आहे माझी?" तो म्हणाला.

क्लबात अर्नी सोडतीची तिकिटं गोळा करत होता. हेडलीने लाल कार्ड त्याच्यापुढे ठेवलं आणि एका दमात, मध्ये दोनदा खोकून, सगळं सांगितलं. आजूबाजूची बडबड थांबली.

अर्नीने चष्मा काढला, पुसला, घातला. "म्हणजे ते लीक जॉसने वाढवले."

"महिनाभर. ऐन वाढीचा महिना."

"मग तू बाद, हेडली."

"ते मला वाचता येतं. त्याचं काय?"

"घरच्या बाईने बोलावलं होतं, म्हणजे परवानगी धरायला हवी." अर्नी कमिटीच्या दुसऱ्या दोघांशी बोलून आला. "नाव परत घेतो. हर्बर्ट, टीव्ही तुझा." हर्बर्ट गोंधळून बसला. "पण हेडली, टेबलं सात वाजता उचलतात. तोवर जॉसची जोडी आणलीस तर मोजू. बक्षीस नाही, पण आकडा वहीत चढेल. तुझी जोडी राहू दे इथेच. शेजारी ठेवून बघू."

सहा वाजून गेले होते. जॉसचं घर दोन गल्ल्या पलीकडे. हेडलीने ते अंतर आयुष्यात एवढ्या घाईने कापलं नव्हतं. दोनदा भिंतीला टेकून श्वास घेतला. आता माफी मागायची, त्याला घेऊन यायचं, लीक टेबलावर शेजारी शेजारी मांडायचे, आणि परीक्षकाने काय ते सांगायचं. जॉसपेक्षा कमी भरलो तरी चालेल, हे तो स्वतःशी म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला ते खरं वाटलं.

दार उघडंच होतं. जॉस चुलीशी उभा होता, बाह्या वर केलेल्या, हातात डाव. त्याने मान वळवली.

"आलास? किती भरले?"

"एकशे चौतीस."

"मला एकशे तीस वाटले होते." जॉसच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "झालास की नाही पहिला."

"एनिडने सांगितलं मला. मी अर्नीला सांगितलं. मी बाद झालो, तुझं नाव परत आलं. जॉस, माझं चुकलं. पोटात घाल म्हणायलाही तोंड नाही. पण आत्ता टोपी घाल, तुझे लीक उपट, सातच्या आत—"

जॉसने डाव पातेल्याच्या काठावर ठेवला. तेव्हा हेडलीला वास आला. घरभर दाटलेला, गोडसर, लोण्यात परतलेला. पातेलं मोठं होतं, लग्नघरचं. ओट्यावर पांढऱ्या-हिरव्या चकत्यांचा ढीग होता, एकेक चकती बशीएवढी. केराच्या टोपलीत एक पान दिसत होतं, त्यावर अर्नीचा जांभळा शिक्का.

"मघाशीच उपटले," जॉस म्हणाला. "ठेवून काय करायचे होते? बस. तू भिंतीसारखा पांढरा पडलायस."

हेडली बसला. जॉसने वाडगा भरला, पाव तोडून शेजारी ठेवला.

"कापायच्या आधी मोजलेस ना?" हेडलीने विचारलं. "किती होते?"

"नाही मोजले."

"जॉस."

"नाही मोजले म्हटलं ना. चांगले होते. तुझ्यासारखे नव्हते, एवढं डोळ्यांना कळतं. खा, निवतंय."

हेडलीने वाडगा जवळ ओढला. जॉसच्या पाठीमागे, चुलीच्या दांडीवर भांडी पुसायच्या फडक्याशेजारी कापडी टेप वाळत टाकली होती. ओली होती, तिच्यावरून पाणी फरशीवर ठिबकत होतं. कोणीतरी ती मातीच्या हाताने वापरून नुकतीच धुतली होती.

महिनाभर हेडलीने डोकं लढवलं होतं आणि प्रत्येक वेळी चुकीच्या ठिकाणी पोचला होता. ह्या वेळी फार लढवावं लागलं नाही. एकशे चौतीसपेक्षा कमी भरले असते तर जॉसने आकडा आनंदाने सांगितला असता. त्याने मान खाली घातली आणि रडू आवरत पहिला चमचा तोंडात घातला.

"मीठ जरा जास्त पडलं का रे?" जॉसने विचारलं.

"नाही," हेडली म्हणाला. "बरोबर आहे."